वडगावच्या वस्तीवरचा तिकोनी पाना

औरंगाबाद ते आष्टी

बसस्टँडवरच्या हमालाने आमची पिशवी उचलली, चार पावलं चालला आणि खाली ठेवून म्हणाला, "ताई, यात काय देव बसवलेत का?" नट-बोल्ट आहेत असं मी सांगितलं. मग त्याने पिशवीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं. मुलीच्या पिशवीत लोखंड असणं त्याला पटलेलं दिसलं नाही. कंडक्टरलाही पटलं नाही. त्याने सामानाचं वेगळं तिकीट फाडलं आणि पिशवी माझ्याच पायाशी ठेवायला लावली. बीड जिल्ह्यातल्या सगळ्या प्रवासात ती माझ्या पायाशीच राहिली. घरी परत आल्यावर आईने माझ्या पायांवरचे काळेनिळे डाग बघून विचारलं, तुला शिकवायला नेलं होतं की मारायला?

शिकवायलाच नेलं होतं. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पाटणकर मॅडम विद्यापीठातल्या कॉलेजांमध्ये जाऊन 'प्रमाणीकरण आणि शाश्वत विकास' या विषयावर व्याख्यानं देणार होत्या. हे दोन्ही शब्द तेव्हा नवीन होते. बाहेरच्या कंपन्या येणार, त्यांचा माल येणार, आता सगळं जगाच्या मापाने चालणार, असं जो तो बोलत होता. मॅडमचं म्हणणं असं की, माप एक झालं तर त्याचा पहिला फायदा कंपन्यांना नाही, खेड्यांना झाला पाहिजे. मदतीला त्यांनी दोन विद्यार्थी घेतले. एक दत्ता, तो नेकनूरचा, म्हणून त्याला जिल्हा माहीत. दुसरी मी. मला का घेतलं ते मी विचारलं नाही. माझं अक्षर चांगलं आहे, तक्ते मी लिहिले होते, तेच कारण असावं.

मी चोपड्याची. वडील शिंपी आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे प्रमाण, मानक, सहनशीलता-मर्यादा हे शब्द घरी सांगायची पंचाईत होते. वडिलांना एकदा सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे तयार कपड्यांसारखं? सगळ्यांना एकच माप, आणि बसत कुणालाच नाही." त्यांच्या दुकानासमोर नुकतंच तयार शर्टांचं दुकान निघालं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

आष्टी

मॅडमचं व्याख्यान सोपं होतं. एका गावचा बोल्ट, दुसऱ्या गावचा नट. दोन्ही एकाच मापाने केलेले, म्हणून एकमेकांत बसतात. पूर्वी खेड्यात हातपंप देणारी प्रत्येक संस्था आपापला पंप द्यायची. पंप बिघडला की त्याचा सुटा भाग मिळायचा नाही आणि पंप नुसता उभा राहायचा. मग एकच नमुना ठरला. हापशाचा दांडा आतल्या सळईला साखळीने जोडलेला असतो; आता कुठल्याही कारखान्यातली साखळी कुठल्याही हापशाला बसते. देणारा निघून गेल्यावरही जी वस्तू चालत राहते, तिच्यात शाश्वत विकास असतो. एवढं झालं की मी टेबलावर बोल्ट धरायचा, दत्ताने त्याच गावच्या दुकानातून आणलेला नट त्यावर फिरवायचा आणि पोरांनी टाळ्या वाजवायच्या.

नट आणायला दत्ता आणि मी बाजारपेठेत गेलो. दुकानदार आप्पा गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सारून म्हणाले, "किती सुती?" दत्ताने बारा मिलिमीटर सांगितलं. आप्पा म्हणाले, तेच ते, चार सुती. मी हळूच म्हणाले, ते अगदी तेच नसतं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि दत्ताला विचारलं, "ही कोण?" दत्ता म्हणाला, इंजिनेर. आप्पांनी नट पुडीत बांधला.

व्याख्यानात तो नट एक आटा फिरला आणि अडकला. दत्ताने जोर लावला, मग तो पुढेही जाईना आणि मागेही येईना. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण मान ताठ झाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे जुनं माप, आणि यावरूनच एक माप किती गरजेचं ते लक्षात येतं, असं त्यांनी सांगितलं. ते खरंच होतं. पण सभागृह हसत होतं, आणि हसणाऱ्याला काही समजावून सांगता येत नाही.

शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "मॅडम, सगळ्याचं सामान सगळ्याला बसायला लागलं, तर चोराचं कामबी सोपं झालं की." सभागृह पुन्हा हसलं. मॅडम म्हणाल्या, हा विषय पोलिसांचा आहे. मलाही तेव्हा ते उत्तर बरोबरच वाटलं.

गाव अर्धं रिकामं होतं. ऊसतोडीला गेलेली माणसं अजून परतली नव्हती. जेवण कॉलेजच्या शिपाईमामांच्या घरी होतं. पिठलं, ठेचा आणि पापुद्र्यासारखी ज्वारीची भाकरी. आमच्याकडे कळण्याची भाकरी असते, ज्वारीत उडीद दळलेला. ती जाड होते आणि प्रवासात टिकते. मी हे मामींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, उडीद कशाला घालता, ज्वारीनं तुमचं काय वाईट केलं? पुढे मला या उडदाची फार आठवण झाली.

युसूफ वडगाव

वडगावजवळ एका कॉलेजचं श्रमदान शिबिर होतं. मॅडमनी तिथे नुसतं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. गावापासून थोडी लांब एक वस्ती होती. तिथल्या हापशाची साखळी संक्रांतीच्या सुमारास तुटली होती. आमच्या पिशवीत नवी साखळी होती, पाने होते, ग्रीस होतं. शिबिरातल्या पोरांसमोर झाकण उघडायचं, साखळी बदलायची आणि पाणी काढून दाखवायचं. मॅडम म्हणाल्या, चहा थंड व्हायच्या आत होईल.

पोरं हापशाभोवती गोल करून बसली. दत्ताने पाना काढला आणि झाकणाच्या बोल्टपाशी गेला. मग तो तिथेच थांबला. "मॅडम, जरा इकडं या बरं."

बोल्टला सहा कोन असायला हवे होते. त्याला तीन होते. कुणीतरी डोकं कानशीने घासून तिकोनी केलं होतं. एवढ्यावर भागलं नव्हतं. बोल्टभोवती पाइपाचा तुकडा कापून कड्यासारखा वेल्डिंग केलेला होता. त्यामुळे डोकं विहिरीत बसल्यासारखं आत होतं आणि बाहेरून कुठलाच पाना त्याला धरू शकत नव्हता. आमच्या पिशवीतले सगळे पाने दत्ताने एकेक करून लावून पाहिले. पोरांनी आधी सल्ले दिले, मग पैजा लावल्या. एकजण म्हणाला, "अबे दत्त्या, मंत्र म्हण."

तेवढ्यात वस्तीवरच्या कौसल्याबाई आल्या. वस्तीवर त्या वेळी म्हातारी माणसं आणि लहान पोरंच होती, बाकी सगळे कारखान्यावर. मागे राहिलेल्यांचं बघायचं काम कौसल्याबाईंकडे होतं. त्यांनी घागर खाली ठेवली आणि आमचा खेळ थोडा वेळ पाहिला.

"तो निघायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याचा पाना नामदेवाच्या करदोड्याला हाय."

नामदेव त्यांचा मुलगा. तो ऊसतोडीला सांगलीकडे गेला होता. पाना कमरेला बांधून.

मॅडमनी विचारलं, असला बोल्ट बसवला तरी कशाला? कौसल्याबाईंनी शांतपणे सांगितलं. ओढ्यापलीकडे खालची वस्ती आहे. तिथला हापसा दोन वर्षांपूर्वी बिघडला. पंचायतीकडे खेटे घालून झाले, साखळी काही मिळेना. मग एका सकाळी यांच्या, म्हणजे वरच्या वस्तीच्या हापशातली साखळी गायब आणि खालच्या वस्तीचा हापसा चालू. यांनी कशीबशी दुसरी साखळी मिळवली, ती पण गेली. मग तिसरी साखळी बसवताना नामदेवने लोहाराकडून हा बोल्ट करून घेतला.

"सामान समद्या हापशाचं सारखंच हाय, म्हणून तर त्यांच्या हापशाला बसलं," कौसल्याबाई म्हणाल्या. "येगळं असतं तर कशाला नेलं असतं?"

कुणीच हसलं नाही. मला आष्टीचा मागच्या बाकावरचा मुलगा आठवला. मॅडम म्हणाल्या, साखळी मिळायला हवी होती, चूक पुरवठ्याची आहे, प्रमाणाची नाही. कौसल्याबाईंनी मान हलवली. "आसंल."

बोल्ट कापू या, असं मॅडम म्हणाल्या. शिबिरात लोखंड कापायची करवत होती. कौसल्याबाई हापशाच्या ओट्यावर बसल्या. पाय सोडून, अगदी आरामात. "नामदेवाला इचारल्याबिगर न्हाई. त्यानं राबून बसवलाय."

"अहो बाई, पण पाणी तुम्हालाच हवंय ना?"

"पायजे की."

"मग उठा."

"न्हाई."

मॅडमना एवढं चिडलेलं मी वर्गातही पाहिलं नव्हतं. पोरं पांगली. चहा खरंच थंड झाला होता.

आम्ही गावातल्या एसटीडी बूथवर गेलो. बूथवाल्याने कारखान्याच्या शेतकी ऑफिसला फोन लावला. पलीकडून विचारलं, कुठला नामदेव? मुकादम कोण? टोळी कुठल्या गटात? दत्ता ओरडून सांगत होता, पलीकडचा ओरडून विचारत होता, आणि लहानशा काचेच्या खोलीत आम्ही तिघं घामाने भिजत होतो. निरोप पोचवतो, उद्या विचारा, असं उत्तर मिळालं.

परत आल्यावर कौसल्याबाईंनी एक तडजोड काढली. "बोल्टला हात नका लावू. दुसरा पाना करून आणा. त्याला माझं न्हाई म्हणणं न्हाई."

मला वाटलं, हे जमेल. वडील कुठल्याही जुन्या कपड्यावरून कागदाचा साचा काढतात, तसा बोल्टचा ठसा घ्यायचा. मी कौसल्याबाईंकडून ज्वारीचं पीठ मागून घेतलं, घट्ट मळलं, कड्यात दाबलं आणि बाहेर काढलं. तिकोन अगदी स्वच्छ उमटला होता. मॅडम म्हणाल्या, शाब्बास. प्रवासात मला मिळालेली ही पहिलीच शाब्बासकी. मी तो गोळा ओल्या फडक्यात गुंडाळला.

वडगावचा लोहार नव्हता. तोही कारखान्यावर गेला होता, तोडणाऱ्यांच्या कोयत्यांना धार लावायला. केज जवळ होतं, पण दत्ता म्हणाला, हे नाजूक काम आहे, आमच्या नेकनूरच्या लोहार मामूंशिवाय कुणाला जमायचं नाही. मला उलट बोलता आलं नाही. आम्ही दोघं नेकनूरच्या बसमध्ये बसलो.

नेकनूर

बस उन्हात दोनदा बंद पडली. मी फडकं मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, डबा हाय का? मी नाही म्हणाले. ती म्हणाली, मग काहून एवढं जपती?

मामूंच्या भट्टीसमोर मी फडकं उघडलं. गोळा वाळून तडकला होता. तिकोनाचे तीन कोन तीन तुकड्यांत होते. कळण्याचं पीठ असतं तर उडदाच्या चिकटपणाने टिकला असता, असं माझ्या मनात आलं, आणि त्याच क्षणी मला स्वतःचाच वैताग आला. असल्या वेळी असलं आठवून काय उपयोग!

मामूंनी एक तुकडा उचलून उलटसुलट करून पाहिला. "बेटी," ते म्हणाले, "भाजून आणायची होती. आपण दोघांनी खाल्ली असती."

दत्ता भट्टीपलीकडे तोंड वळवून हसला. मला रडू येत होतं, पण मीही हसले. मामूंनी तुकडे जुळवून, अंदाजाने एक पाना घडवून दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, बसला तर द्या.

तो बसला नाही. कड्यात शिरला, पण बोल्टच्या डोक्यावर नुसता गरगर फिरला. कौसल्याबाई ओट्यावरून बघत होत्या. तो पाना मी ओट्यावर ठेवला तो तिथेच राहिला.

पुन्हा वडगाव

दुसऱ्या दिवशी दुपारी बूथवरून निरोप आला. नामदेवने मुकादमामार्फत सांगितलं होतं: मी आल्यावर बघू, तोवर कुणी हात लावू नका. मॅडम बूथच्या पायरीवर बसल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. तो आधीच स्वच्छ होता. त्या म्हणाल्या, मी उद्या सकाळी या पोरांना काय शिकवणार आहे? की एका माणसाच्या करदोड्याला सगळ्या वस्तीचं पाणी बांधलेलं असतं?

संध्याकाळी कौसल्याबाई पाण्याला निघाल्या, तेव्हा मी एक घागर घेऊन त्यांच्याबरोबर गेले. कुणी सांगितलं नव्हतं. शिबिरात बसून तक्ते पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला होता. भांडणामुळे खालच्या वस्तीच्या हापशावर कुणी जात नव्हतं; हापसा बंद पडल्यापासून वस्ती ओढ्यापलीकडच्या एका जमीनदारांच्या विहिरीवर पाणी भरत होती. आमच्याकडे कुणाच्या विहिरीवर गेलं तर दोर घेऊन जायचं आणि काढायचं. इथे तसं नव्हतं. आधी त्यांची मोटार उसाला चालायची. मोटार बंद झाली, पाणी पुन्हा साचलं, की मग बाकीच्यांनी यायचं. आणि मोटार कधी बंद होणार ते मोटारीलाच ठाऊक.

आम्ही पोचलो तेव्हा मोटार चालू होती. वाटेत दोन म्हाताऱ्या आधीच उकिडव्या बसल्या होत्या. विहिरीवरचा गडी म्हणाला, आज लाइट चांगली हाय, बंद व्हायची न्हाई. कौसल्याबाईंनी विचारलं, एक घागर तरी? आजारी पोर हाय घरात. तो म्हणाला, "मावशी, मला का भांडण लावून देती? मालक म्हणले न्हाई म्हंजी न्हाई. उद्या या."

त्याने हे वाईट रीतीने सांगितलं नाही. त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना. पाटातून पाणी खळखळत उसाकडे जात होतं. कौसल्याबाईंनी त्या पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मागे वळल्या. रिकामी घागर भरलेल्या घागरीपेक्षा जड लागते असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते खोटं आहे, ती हलकीच लागते. त्या हलकेपणाचीच लाज वाटते.

वस्तीवर आल्यावर कौसल्याबाईंनी घागर हापशाच्या तोटीखाली ठेवली. सरळ, नीट, जणू आता पाणी येणारच आहे. मग मॅडम आणि दत्ता ओट्याजवळ सामान आवरत होते, त्यातल्या करवतीकडे बोट दाखवलं.

"तोडा."

मॅडम म्हणाल्या, नामदेव?

"बोल्ट त्याचा हाय. पाणी माझं हाय." त्या ओट्यावरून बाजूला झाल्या. "आन पोरगंबी माझंच हाय. मी बगते."

शिबिरातली पोरं पळत आली. कडं कापायला वेळ लागला. पातं दोनदा तुटलं, एकाचा अंगठा सोलला, दत्ताने सगळ्यांना शिव्या घातल्या. पण कडं निघालं आणि तिकोनी बोल्टही पिळून बाहेर आला. कौसल्याबाईंनी तो उचलून पदरात बांधला. आम्ही साखळी लावली. कुठल्या गावच्या कारखान्यातली होती कोण जाणे, पण ती पहिल्याच खेपेला अशी बसली की दत्ताने ती दोनदा ओढून पाहिली. झाकण लावलं, आमचा सहा कोनांचा बोल्ट आवळला. मी दांडा धरला. पहिल्यांदा नुसता आवाज आला, मग आणखी आवाज, आणि मग गढूळ, नंतर स्वच्छ पाणी.

मॅडमनी मला साखळीचा भाग पोरांना समजावून सांगायला सांगितलं. मी उभी राहिले. दोन वाक्यं बोलले. तोवर पोरं म्हाताऱ्यांच्या घागरी उचलून देण्यात गुंतली होती आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. मॅडमही घागरीच लावत होत्या. मी बोलणं थांबवलं. मला वाईट वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर

पुढच्या आठ-दहा दिवसांत केज आणि अंबाजोगाईची व्याख्यानं ठीक झाली. नट बसले, टाळ्या पडल्या. परतताना मॅडम म्हणाल्या, वडगावला थोडं उतरू, हापशाचा एक फोटो घेऊ. व्याख्यानात दाखवायला होईल.

आम्ही वस्तीवर गेलो. हापसा चालू होता. ओट्याभोवती चिखल होता, एक शेळी पाणी पीत होती. मॅडमनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मग खाली घेतला.

झाकणाच्या बोल्टला तीन कोन होते. कडं पुन्हा वेल्डिंग केलेलं होतं, आणि या वेळी ते आधीपेक्षा जाड होतं.

"कौसल्याबाई!" मॅडमचा आवाज चिरकला. दोन दिवस खपून, ब्लेडं तोडून, अंगठे सोलून जे काढलं, तेच पुन्हा बसवलं होतं. आता हा हापसा बिघडला की कोण उघडणार? पुन्हा नामदेव? पुन्हा करदोडा?

कौसल्याबाई भाकरी थापत होत्या. हात तसेच पिठाचे ठेवून त्या बाहेर आल्या. त्यांनी जे सांगितलं ते मॅडमना दोनदा विचारून घ्यावं लागलं. त्यांनी जुना बोल्ट नमुना म्हणून नेकनूरच्या मामूंकडे धाडला होता. मामूंनी तसेच दोन बोल्ट केले आणि पाने तीन. एक बोल्ट इथे बसवला. दुसरा खालच्या वस्तीच्या हापशाला.

"खालच्या वस्तीच्या?" मी विचारलं. "ज्यांनी चोरलं त्यांच्या?"

"मंग? त्यांच्या गिरजाबाईशी मीच बोलायला गेलते. एक पाना तिच्याकडं, एक माझ्याकडं, एक शाळंतल्या मास्तरांकडं. आता त्यांनी आमची साखळी नेली तर आमीबी त्यांची नेऊ की, पाना सारखाच हाय." त्या हसल्या. "आन कुणाचाबी हापसा बिगडला तर दुसऱ्यानं उगडायचा. बाहेरच्याला मातर येत न्हाई."

मॅडम म्हणाल्या, पण याला प्रमाण म्हणत नाहीत. सरकारी माणूस आला, त्याच्याकडे पाना असेल तो सहा कोनांचा. तो कसा उघडेल?

"तो कधी आलता?" कौसल्याबाईंनी विचारलं.

मॅडम कॅमेऱ्याचा पट्टा सरळ करू लागल्या. त्यांना ते पटलं नव्हतं आणि मलाही पूर्ण पटलं नाही, अजूनही नाही. उद्या मामू म्हातारे झाले, नमुन्याचा बोल्ट हरवला, तर? पण मॅडमनी व्याख्यानात जे सांगितलं होतं, एकाने केलेलं दुसऱ्याला उघडता आलं पाहिजे, ते ओढ्याच्या दोन्ही काठांवर झालेलं होतं. आमच्या मापाने मात्र नाही. मॅडमनी फोटो काढला. चिडून काढला, पण काढला.

निघताना कौसल्याबाई आत गेल्या आणि एक वस्तू घेऊन आल्या. मामूंनी माझ्या तडकलेल्या पिठावरून घडवलेला तो पहिला पाना. मी तो ओट्यावर विसरले होते.

"हा तुजा."

मी म्हणाले, राहू द्या ना, तुमच्याकडेच असू दे. खरं तर मला पिशवीत आणखी लोखंड नको होतं.

"आमाला काय करायचाय? ह्यो कशालाच बसत न्हाई. बसणारा दिला असता, पर तू औरंगाबादला घिऊन गेलीस तर आमी काय करावं? ह्यो ने. पोरांना शिकवायला कामाला येतंय."

बीडच्या स्टँडवर कंडक्टरने पिशवी पायाने ढकलून पाहिली आणि उघडायला लावली. वरच तो पाना होता. त्याने तो हातात घेऊन उलटसुलट केला. "ह्यो कशाचा?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"कशाचाच नाही," मी म्हणाले. "शिकवायचा आहे."

त्याने सामानाचं तिकीट फाडलं.